पंचवीस सेकंदांचा देवमासा

चमचा खाली ठेवताना बाबांनी जरा जास्तच आवाज केला. झालं ते एवढंच. न्याहारीच्या टेबलावर त्यांनी तोंड उघडलं होतं, चांगला हात उचलून समोरच्या खुर्चीला अडकवलेल्या तिच्या बॅगेकडे केला होता, ओठ एकमेकांना चिकटून पुन्हा सुटले होते, आणि तिनं पावाला लोणी लावता लावता म्हणून टाकलं होतं, "हो बाबा, लवकर येते. नक्की." ते थांबले. पुन्हा तोंड उघडलं. "मीठ हवंय? चष्मा? खिडकी उघडू का?" तिनं विचारलं, आणि खिडकी उघडलीसुद्धा. तेव्हा त्यांनी चमचा ठेवला आणि हात हलवला. दारात आलेल्या विक्रेत्याला आतूनच 'नको' म्हणावं, तसा. बाबांनी सगळं आयुष्य विमा विकण्यात घालवलेलं. तो हात त्यांनी किती दारांत पाहिला असेल, देव जाणे. आज त्यांनी तो तिला दाखवला, आणि मग भिंतीकडे तोंड करून पाव चावत राहिले.

बसमध्ये उभं राहिल्यावर तिला त्या हाताचा राग आला. वाटेल तेवढं करा आणि वर हे! सकाळी उठून अंघोळ, औषधं, बोटांचे व्यायाम, दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशींना सगळ्या सूचना, आणि वर नोकरी. मग लगेच रागाचाही राग आला. कारण स्पीच थेरपीच्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. मेंदूत रक्ताची गाठ अडकल्यापासून बाबांचे शब्द गेलेले नाहीत, आतच आहेत, फक्त वाट शोधत बाहेर यायला त्यांना वेळ लागतो. "तुम्ही त्यांचं वाक्य पुरं करायचं नाही. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. तेवढ्यात नाही आलं तर आणखी दहा. पण त्यांनी स्वतःच खटाटोप सोडला ना, तर मग माझ्याही हातात फारसं काही उरणार नाही," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि त्यांचं हे वाक्य संपायच्या आतच हिनं मान डोलावली होती. दहा आकडे म्हणजे काय मोठंसं? पण ती तिनापर्यंत जेमतेम पोचायची. चाराला तोंडातून चष्मा बाहेर पडायचा. पाचाला पाणी, सहाला वर्तमानपत्र. गेले काही दिवस बाबा रोज सकाळी तेच करत होते. बॅगेकडे हात, मग तोंड, मग ती. दिवसागणिक त्यांचं तोंड जरा कमी वेळ उघडं राहत होतं. आज तर हातच हलवला. म्हणजे सोडलं की काय त्यांनी? ती दांडी घट्ट धरून उभी राहिली आणि शेजारच्या बाईच्या पिशवीतल्या कोथिंबिरीकडे उगाच रागानं पाहत राहिली.

खरं तर त्यांच्या घरात वाक्य कधी एकट्याच्या मालकीचं नसायचंच. बाबा गोष्ट सांगायला लागले की ती अशी पसरायची की ज्याच्या घरी विमा विकायला गेले त्याच्या मेव्हण्याच्या गुडघ्यापर्यंत पोचायची, आणि मूळ माणूस दारातच उभा. आई भांडी पुसता पुसता स्वयंपाकघरातून शेवट सांगून मोकळी व्हायची. "आणि त्यानं शेवटी सही केली, हेच ना?" बाबा खो खो हसायचे. "घ्या! आता मी काय सांगू?" मग आईचं वाक्य बाबा तोडायचे, बाबांचं ही तोडायची, आणि हिचं दोघं मिळून. कुणी बोलता बोलता थांबला तर त्याला मदतीला धावायचं, हे त्या घरातलं प्रेम होतं. कुणाला आपलं वाक्य पुरं करू देणं म्हणजे त्याच्यावर रागावल्याचं लक्षण. आई गेली त्या दिवशी बाबा भेटायला आलेल्यांना काहीतरी सांगत होते. ते मधेच थांबले, सवयीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं, आणि तिकडून काहीच आलं नाही. तेव्हा हिनंच ते वाक्य पुरं केलं होतं. तेव्हापासून ते काम तिच्याकडे आलं. आणि आता कुणीतरी पांढरा कोट घालून सांगतं की हे करू नका. म्हणजे आयुष्यभराची माया गुंडाळून ठेवायची आणि दहापर्यंत मोजत बसायचं!

संग्रहालयाच्या मागच्या दारानं ती आत गेली. आज चाचणीचा दिवस होता. एका शाळेचा वर्ग येणार होता, संचालक बाई येणार होत्या, आणि वर्षभर चाललेलं देवमाशाचं दालन पहिल्यांदा मुलांच्या हाती पडणार होतं. दालन म्हणजे एक लांबच लांब भिंत, आणि ती सगळी पडदा. बोट लावलं की पाणी हलतं, बोट धरलं की देवमासा जवळ येतो. त्यात काय दिसावं आणि काय ऐकू यावं हे ठरवणं तिचं काम. ते ठरवताना तिची निम्मी ताकद काय दिसू नये यातच खर्च झाली. चित्रकारानं देवमाशाला पहिल्याच दिवशी पापण्या काढल्या. पापण्या काढून टाकल्या तर हसू आलं. हसू पुसलं तर डोक्यावर कारंजं आलं. "अहो, ते पाणी नसतं. तो उच्छ्वास असतो, थंड हवेत दिसणारा," हे तिनं निदान वीस जणांना सांगितलं असेल, आणि वीसही जण "हो का!" म्हणून पुन्हा कारंजाकडेच वळले. मग कुणीतरी आवाज लावून आणला, "नमस्कार मुलांनो, मी आहे तुमचा लाडका देवमासा!" त्या आवाजात दात घासायच्या मलमाचीही जाहिरात करता आली असती. आणि प्रत्येक बैठकीत कुणी ना कुणी 'हा मासा' म्हणायचं, आणि ती म्हणायची, "मासा नाही. सस्तन प्राणी आहे तो. हवेत श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो." शेवटी शेवटी तर कुणी 'मा' म्हणालं की सगळे तिच्याकडे पाहून हसायला लागले. हसा लेको. मुलांना तरी खरं कळू दे.

पण खरी झटापट झाली ती बुडीवरून. दालनाच्या मध्यावर चौकोनी डोक्याचा तो प्रचंड देवमासा पृष्ठभागावर येतो, मोठमोठे श्वास घेतो, शेपटी उंच उचलतो आणि खाली जातो. खाली म्हणजे कुठल्या कुठे, जिथं उजेडही येत नाही. पाणी निळं होतं, मग गडद, मग नुसता काळोख. वरचे शांत तरंग तेवढे भिंतीच्या माथ्यावर हलत राहतात, आणि काळोखातून त्याचा टक् टक् आवाज येतो. आवाज सोडायचा, कशावर तरी आपटून तो परत येईपर्यंत थांबायचं, मग कळतं समोर काय आहे ते. एवढंच. बोट लावून काही होत नाही. तिला वाटत होतं की मुलांना देवमाशाबद्दल एकच गोष्ट शिकवायची झाली तर ती ही, की तो आपल्याला दिसत नसतो तेव्हाच त्याचं खरं आयुष्य चाललेलं असतं. मुलांनी थांबावं. काठावर बसल्यासारखं बसावं. आणि मग तो फुस्सकन वर यावा.

"मूल थांबत नाही हो," दालनाच्या कामाचा प्रमुख म्हणाला होता. त्याला सगळे पाठीमागे 'पुढेकाय' म्हणत. बैठकीत कुणी दोन वाक्यं बोललं की तो बोटांनी टेबल वाजवत "पुढे काय? पुढे काय?" करायचा. "मूल म्हणजे बोट. बोट टेकलं की काहीतरी झालं पाहिजे. नाही झालं की मूल गेलं दुसऱ्या भिंतीकडे."

"खरा देवमासा पाऊण पाऊण तास खाली राहतो."

"खरा! खऱ्याला कुठं माझ्यासारखं संचालक बाईंना तोंड द्यायचंय?"

तिनं दोन मिनिटं मागितली, त्यानं पाच सेकंद देऊ केले. बाजारात उभं राहून घासाघीस करावी तसे दोघं आठवडाभर भांडले, आणि सौदा पंचवीस सेकंदांवर पटला. संगणकाची आज्ञावली लिहिणारा मुलगा पायांचा आवाज न करता मागे येऊन उभा राहायचा म्हणून त्याला 'मांजर' म्हणत. त्यानं तिची दया येऊन भिंतीमागच्या यंत्रावर एक चौकट करून दिली. त्यात लिहिलेला आकडा म्हणजे बुडीचे सेकंद. "लागेल तसा बदलत जा, ताई. मला सारखं उठवू नकोस." त्या संध्याकाळी ती इतकी वैतागली होती की घरी बाबांची आखडलेली बोटं एकेक करून उलगडताना तिनं हे सगळं पुराण त्यांनाच ऐकवलं. पापण्या, कारंजं, पंचवीस सेकंद, सगळं. "तो वर येतो की नाही ते बघायला कुणाला सवडच नाही हो बाबा. एकालासुद्धा नाही." बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या कानावर पडलं तरी की नाही, कोण जाणे. तिनं त्यांचं तोंड पुसलं आणि दिवा मालवला.

आणि काल काय दुर्बुद्धी झाली! सगळे गेल्यावर दालनात ती एकटीच होती. तिला वाटलं, चाचणीच्या आधी आपण तरी एकदा खरा वेळ बसून पाहावं. तिनं चौकटीत पंचविसाच्या जागी सत्तावीसशे लिहिलं आणि जमिनीवर बसली. देवमासा खाली गेला. पाच-सात मिनिटं गेली असतील नसतील, तोच मावशींचा फोन. "ताई, बाबा जेवत नाहीयेत. ताटच सारून दिलं. तुम्ही या बरं." ती उठली आणि तडक निघाली. घरी जाऊन पाहते तर बाबा शांत बसलेले, हात तिच्या खांद्यावरच्या बॅगेकडे. "आले ना मी! आता जेवा बरं," ती म्हणाली होती. आकडा तिच्या डोक्यातून पार गेला. वर्षभर त्या पंचवीस सेकंदांसाठी जिनं जिवाचं रान केलं, तिच्याच डोक्यातून.

तो आठवला तेव्हा वीस-पंचवीस मुलं भिंतीला चिकटून उभी होती आणि शेपटी पाण्याखाली जाऊन पंचवीस सेकंद केव्हाच उलटले होते. सुरुवात छान झाली होती. मुलं ओरडत होती, पाणी हलवत होती, संचालक बाई हसत होत्या, पुढेकाय त्याहून जास्त हसत होता. निळं गडद झालं, गडदाचं काळं झालं. टक्. टक्. मुलं थोडी गप्प झाली. तिला बरं वाटलं. बघा, थांबतात की! मग तिच्या लक्षात आलं की हे गप्प राहणं जरा लांबतंय. सत्तावीसशे! तोवर एका मुलानं काळ्या भिंतीवर तळहात आपटला. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी. "हँग झालं!" "बुडाला!" "अरे, मेला तो!" त्यावर एकीनं रडं काढलं. त्यांच्या शिक्षिका पुढे सरसावल्या, "नाही रे बाळांनो, आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की तो येणार हं!" आणि पंचवीस मुलं काळोखासमोर टाळ्या वाजवू लागली. पुढेकायनं मान न वळवता, ओठही फारसे न हलवता तिला म्हटलं, "काय आहे हे?"

ती भिंतीमागे गेली. तिथं अरुंद बोळ होता, यंत्रांची ऊब होती, वायरींची जाळी होती. चौकटीत सत्तावीसशे. फक्त आकडा खोडून नवा लिहायचा, की तो वर. तिनं बोट पुढे केलं. भिंतीच्या पलीकडून टाळ्या येत होत्या, थपडा येत होत्या, "ये ना! ये ना रे!" आणि मग कुणीतरी लडिवाळ आवाजात विचारत होतं, "भूक लागली का तुला? मासे देऊ का?" तिच्या बोटाला काय झालं तिलाच कळेना. मीठ हवंय? चष्मा? खिडकी उघडू का? तिला सगळ्यांचा असा काही संताप आला, त्या मुलांचा, त्या शिक्षिकेचा, टाळ्यांचा, आणि सगळ्यात जास्त त्या बाईचा, जिला दहापर्यंत मोजता येत नाही आणि जी दुसऱ्यांच्या मुलांना थांबायला शिकवायला निघालीय. तो खाली आहे, काम करतोय, त्याच्या वेळानं येईल. थपडा कसल्या मारता? बोट तसंच हवेत राहिलं.

"झालं का?" पुढेकायचं डोकं बोळात आलं.

"काय?"

"आणा ना त्याला वर!"

"येईल तो."

"कधी?"

"पाऊण तासानं."

पुढेकायनं तिच्याकडे असं पाहिलं, की वेड लागलेल्या माणसाशी मोठ्यानं बोलू नये म्हणतात ते त्याला ठाऊक असावं. "बाहेर या," तो हळूच म्हणाला. बाहेर संचालक बाई सगळ्यांना चहा-सरबताला घेऊन चालल्या होत्या. एक मुलगी मात्र भिंतीसमोर पालथी पडली होती, दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकून. टाळ्या वाजवत नव्हती, रडत नव्हती, नुसती बघत होती. शिक्षिकांनी तिला दंडाला धरून उठवली तेव्हा ती दारापर्यंत उलटी चालत गेली, भिंतीवरची नजर न काढता. त्या एका पोरीसाठी सगळं वर्ष वसूल झालं, असं तिला वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं की कसलं वसूल, तिलासुद्धा शेवटी ओढूनच नेली.

बैठकीत पुढेकाय चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता थकल्यासारखा म्हणाला, "एक बटण टाकू. 'पुढे' म्हणून. ज्याला थांबायचं तो थांबेल, ज्याला नाही तो दाबेल."

"दिसलं की सगळेच दाबतील."

"मग दाबू देत. तुमच्या घरी कुणी असतं का हो, समोर बटण असताना न दाबता बसणारं?"

घरी ते बटण म्हणजे ती स्वतःच होती, कुणी न दाबताच दाबलं जाणारं. ती दालनात परतली तेव्हा भिंत विझलेली होती आणि मांजर वायरी गुंडाळत होतं.

"वर आला होता का रे?"

"नाही गं. मधेच बंद करायला सांगितलं वरून," तो म्हणाला. "खालीच राहिला."

घरी पोचली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. मावशी चपला घालत होत्या. "आज दिवसभर तोंड मिटून आहेत हो ताई. मी आपलं विचारणंच सोडलं," असं त्या दारातच कुजबुजल्या आणि गेल्या. बाबा खुर्चीत होते, सकाळसारखेच भिंतीकडे वळलेले. तिनं बॅग नेहमीच्या खुर्चीला अडकवली. चहा ठेवू का, हा प्रश्न जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. तिनं तो गिळला. मग औषध घेतलंत का, तोही गिळला. ती त्यांच्या समोर बसली, आणि हातांचं काय करावं ते न कळून त्यांवरच बसली.

बराच वेळ काहीच झालं नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. मोरीतला नळ ठिबकत होता, तो उठून बंद करावासा वाटला. तिनं दहा मोजले, आणखी दहा मोजले, मग आकडा चुकला तेव्हा मोजणं सोडून दिलं. आई असती तर कधीच काहीतरी म्हणाली असती. बाबांनी मान वळवून बॅगेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती काहीच बोलत नाही हे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर संशय आला. रागावली की काय ही? मग हात उचलला गेला. बॅगेकडे. तोंड उघडलं. हो बाबा, उद्या लवकर येईन, नाही तर रजाच टाकते, असं सगळं वाक्य तिच्या घशात तयार होतं. तिनं दातांनी ओठ धरला. बाबांच्या कपाळावरची शीर फुगली, मान ताठ झाली, ओठ चिकटले, सुटले, पुन्हा चिकटले. त्यांच्याकडे बघवेना. पण ती बघत राहिली.

"तुझा..." बाबा म्हणाले. इतक्या दिवसांत ऐकलेला पहिला शब्द. ती हललीसुद्धा नाही. पुन्हा सगळं बंद झालं. पुन्हा शीर, पुन्हा मान, खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं. "तुझा... मासा..."

मासा नाही, सस्तन प्राणी, असं वर्षभराच्या सवयीनं तिच्या ओठांपर्यंत आलं, आणि तिथंच थांबलं.

"आला... का... वर?"

म्हणजे रोज सकाळी हेच. कालचं सारलेलं ताटही हेच. पाव नाही, मीठ नाही, चष्मा नाही, लवकर ये नाही. कामाची बॅग दाखवून ते कामाबद्दल विचारत होते. त्या रात्री खिडकीबाहेर बघत त्यांनी अक्षर न् अक्षर ऐकलं होतं, आणि तेव्हापासून ते एकटेच काठावर बसले होते, तो वर आला की नाही ते कळायची वाट पाहत. आणि ती रोज सकाळी त्यांच्या तोंडासमोर लोणी लावलेला पाव धरत होती. तिला एवढी लाज वाटली की हसूच फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"नाही हो बाबा," ती म्हणाली. "अजून खालीच आहे."

बाबांच्या कपाळाला आठी पडली. ते वैतागले होते, तिच्याचसारखे. हात वर गेला. तो सकाळचा, विक्रेत्याला घालवून देणारा हात नव्हता. गोष्ट रंगात आली की मेव्हण्याच्या गुडघ्याकडे वळायच्या आधी ते पूर्वी असाच हात उचलायचे.

"मग..." बाबा म्हणाले, आणि अडले.

बॅगेत तिचा फोन वाजायला लागला. वाजून वाजून थांबला. ती जागची हलली नाही.